दोन ट्रान्समिट अँटेना लावल्यावर कोड ॲक्विझिशनला उलट जास्त वेळ का लागतो?

स्पेक्ट्रमशोधी यांचा प्रश्न:

नमस्कार. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी मी डायरेक्ट-सीक्वेन्स स्प्रेड-स्पेक्ट्रम पद्धतीची (सिग्नल चिप नावाच्या वेगवान तुकड्यांच्या ठरलेल्या कोडने पसरवून पाठवणारी) एक छोटी २×२ लिंक उभी करत आहे, म्हणजे पाठवणाऱ्या बाजूला दोन आणि घेणाऱ्या बाजूला दोन अँटेना. वाहक फ्रिक्वेन्सी २.४ गिगाहर्ट्झ आहे, चिप रेट सेकंदाला १.०२३ मेगाचिप आहे आणि पायलट (रिसीव्हरला आधीच माहीत असलेला सिग्नल) म्हणून १०२३ चिपांचा गोल्ड कोड वापरला आहे, त्यामुळे एक पूर्ण कोड बरोबर १ मिलिसेकंदात संपतो. ट्रान्समीटरच्या दोन शाखा दोन स्वतंत्र एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणाऱ्या रेडिओच्या) बोर्डांवर चालतात. रिसीव्हरसाठी मात्र दोन चॅनेल असलेला एकच बोर्ड आहे.

ॲक्विझिशनच्या, म्हणजे आलेला कोड कुठून सुरू होतो आणि त्याची फ्रिक्वेन्सी किती सरकली आहे हे प्रथम शोधण्याच्या, टप्प्यात मी कोडची फेज अर्ध्या-अर्ध्या चिपच्या पायरीने शोधतो आणि फ्रिक्वेन्सी −१० ते +१० किलोहर्ट्झ या पट्ट्यात ५०० हर्ट्झच्या पायरीने शोधतो. अशी २०४६ गुणिले ४१, म्हणजे ८३,८८६ घरे तपासावी लागतात. प्रत्येक घरात सगळ्या शाखांच्या कोरिलेटरच्या (आलेला सिग्नल आपल्या कोडशी किती जुळतो ते मोजणाऱ्या भागाच्या) आउटपुटचा वर्ग करून बेरीज घेतो आणि ती थ्रेशोल्डच्या वर गेली की पडताळणीचा टप्पा सुरू होतो. एका अँटेनासाठी दर घरामागे फॉल्स अलार्मची (नुसत्या नॉइजमुळे खोटा इशारा मिळण्याची) शक्यता ०.००१ येईल असा हा थ्रेशोल्ड ठरवला आहे.

रेले फेडिंग (अनेक मार्गांनी आलेल्या लहरी मिसळून सिग्नलची ताकद कमी-जास्त होणे) धरून केलेल्या सिम्युलेशनमध्ये १×१ वरून १×२ वर गेल्यावर शिखर अधिक वेळा सापडते, हे अपेक्षेप्रमाणेच आहे. मात्र २×२ केल्यावर (दोन ट्रान्समिट अँटेनांना दोन वेगळे गोल्ड कोड, आणि एकूण पॉवर तीच राहावी म्हणून प्रत्येकी निम्मी पॉवर) ॲक्विझिशनचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी बराच वाढतो, आणि सिग्नल कमकुवत असेल तर फारच वाढतो. प्रत्यक्ष हार्डवेअरवर आणखी विचित्र प्रकार दिसतो. दोन्ही अँटेनांवरून एकच कोड पाठवला तर शिखर क्षणात दिसते आणि क्षणात नाहीसे होते. वेगळे कोड पाठवले तर दोन्ही शाखांची बेरीज ही एकट्या शाखेपेक्षा सरस ठरतच नाही.

अँटेना वाढवल्या म्हणजे डायव्हर्सिटी (एक मार्ग क्षीण झाला तरी दुसरा हाती असणे) वाढते असे सर्वच पाठ्यपुस्तके सांगतात. आलामूटी यांच्या १९९८ सालच्या स्पेस-टाइम कोडच्या (दोन अँटेनांवरून चिन्हे ठरावीक क्रमाने पाठवण्याच्या योजनेच्या) विवेचनात समकालन (सिंक्रोनायझेशन) आधीच झालेले आहे असे गृहीत धरले जाते, पण ते मुळात कसे साधायचे याची चर्चा मला क्वचितच सापडली. चारही मार्गांसाठी (२×२) स्वतंत्र टायमिंग लूप (कोडची वेळ सतत जुळवत ठेवणारी यंत्रणा) ठेवावेत की एकच पुरेल, हेही कळत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनाबेसबँड यांचे उत्तर:

तुमच्या प्रश्नात दोन निराळ्या अडचणी एकमेकींत मिसळल्या आहेत. सिम्युलेशनमधली अडचण संख्याशास्त्राची आहे आणि हार्डवेअरमधली घड्याळांची. मी आधी हार्डवेअरबद्दल लिहितो, कारण ते दुरुस्त होईपर्यंत तिथल्या कुठल्याच मोजमापाला अर्थ नाही.

दोन ट्रान्समिट बोर्ड स्वतंत्र आहेत असे तुम्ही म्हणता. म्हणजे त्यांचे क्रिस्टलही स्वतंत्र असणार. २.४ गिगाहर्ट्झवर दशलक्षांशात एका भागाचा फरक म्हणजे २.४ किलोहर्ट्झ. साध्या क्रिस्टलमध्ये एवढा फरक सहज असतो, आणि बोर्ड तापला की तो बदलतही राहतो. दोन बोर्डांमध्ये समजा दशलक्षात फक्त ०.२ भागाचा फरक आहे, तरी दोन वाहकांमध्ये ४८० हर्ट्झचे अंतर पडले. एकच कोड दोन्हीकडून पाठवला की रिसीव्हरला मिळणारी बेरीज सेकंदाला ४८० वेळा फुगते आणि तितक्याच वेळा कोसळते. तुमचे शिखर दिसते आणि नाहीसे होते ते यामुळे. घड्याळे एक केली तरी हा प्रकार पूर्ण थांबणार नाही, कारण तेव्हा दोन अँटेनांच्या लहरी खोलीत स्थिर पट्टे तयार करतील. तरंगलांबी १२.५ सेंटिमीटर असल्यामुळे रिसीव्हर टेबलावर चार बोटे सरकवला तरी तो शिखरावरून खड्ड्यात जाऊ शकतो. म्हणून एकाच वेळी दोन अँटेनांवरून एकच पायलट पाठवणे ही मुळातच टाळावी अशी गोष्ट आहे. रेले फेडिंगमध्ये दोन स्वतंत्र मार्गांची बेरीजही रेलेच राहते, त्यामुळे डायव्हर्सिटी काहीच मिळत नाही. आणि समोरासमोर थेट मार्ग असेल तर हे स्थिर खड्डे वर पदरात पडतात.

आता वेगळ्या कोडांकडे येऊ. दोन बोर्डांत दशलक्षात अर्ध्या भागाचा फरक असेल तर तुमच्या ५०० हर्ट्झच्या पायरीने पहिल्या अँटेनाचे शिखर एका फ्रिक्वेन्सी-घरात आणि दुसरीचे त्यापासून दोन-तीन घरे दूर पडेल. शिवाय दोन्ही बोर्डांचे प्रक्षेपण यूएसबीवरून सुरू होत असेल तर कोडची सुरुवातही एकाच क्षणी होत नाही, म्हणजे कोड-फेजची घरेही वेगळी. तुम्ही बेरीज करता ती मात्र एकाच घरातल्या आउटपुटची! एका कोडच्या शिखरात दुसऱ्या कोडचा निव्वळ नॉइज मिळवला जातो, मग ती बेरीज एकट्या शाखेपेक्षा सरस ठरेल कशी? त्यातच चिपची घड्याळेही सरकत असतात, १.०२३ मेगाचिपला दशलक्षांशात एक भाग म्हणजे सेकंदाला साधारण एक चिप. आज जुळवून ठेवलेले दोन कोड पुढच्या सेकंदाला जुळलेले नसतात.

उपाय सर्वांना ठाऊक असलेलाच आहे. दोन्ही ट्रान्समिट बोर्डांना एकाच स्रोतातून १० मेगाहर्ट्झचा रेफरन्स द्या आणि सेकंदाला एक पल्स देणारी लाइनही जोडा, म्हणजे फ्रिक्वेन्सी आणि सुरुवात दोन्ही जुळतील. समान रेफरन्स दिला तरी प्रत्येक बोर्डाचा सिंथेसायझर ट्यून होताना वाटेल त्या फेजवर लॉक होऊ शकतो, पण स्पेस-टाइम कोडसाठी ती चिंता नको. ती फेज स्थिर राहते आणि चॅनेलच्या अंदाजातच सामावली जाते. बीम एका दिशेला वळवायचा असेल तेव्हाच ती वेगळी मोजावी लागते.

किती टायमिंग लूप हवेत, याचे उत्तर चिपच्या लांबीत आहे. तुमची एक चिप ९७७.५ नॅनोसेकंदांची, म्हणजे हवेत सुमारे २९३ मीटर लांब आहे. दोन अँटेनांमध्ये अर्ध्या तरंगलांबीचे, म्हणजे सव्वासहा सेंटिमीटरचे अंतर असेल तर त्यातून फार तर ०.२ नॅनोसेकंदाचा फरक पडेल. एका अँटेनाची केबल १० मीटर जास्त लांब असली तरी तो फरक ५० नॅनोसेकंदांच्या आसपास, म्हणजे चिपचा विसावा भाग होतो. एकाच जागी असलेल्या अँटेनांसाठी म्हणूनच एकच डिले-लॉक लूप (कोडसाठीचा टायमिंग लूप) ठेवावा आणि त्याचा डिस्क्रिमिनेटर (वेळेची चूक मोजणारा भाग) मात्र सगळ्या शाखांनी मिळून चालवावा: प्रत्येक शाखेची अर्ली पॉवर (कोड किंचित आधी धरून मिळालेली) वजा लेट पॉवर (किंचित नंतर धरून मिळालेली) काढून त्यांची बेरीज घ्यायची आणि तिला एकूण पॉवरने भागायचे. एक शाखा फेडमध्ये गेली तरी बाकीच्या लूपला धरून ठेवतात. चार स्वतंत्र लूप ठेवले तर फेडमध्ये गेलेला प्रत्येक लूप नॉइजच्या मागे भरकटेल आणि त्याला पुन्हा जागेवर आणण्याचे काम तुमच्यावर येईल. अँटेना वेगवेगळ्या इमारतींवर असतील तर गोष्ट वेगळी. तिथे रेक रिसीव्हरच्या (वेगवेगळ्या विलंबाने आलेले मार्ग वेगळे पकडणाऱ्या रिसीव्हरच्या) निरनिराळ्या फिंगरांप्रमाणे स्वतंत्र लूप लागतात.

संभाव्यता यांचे उत्तर:

जुनाबेसबँड यांचे घड्याळांविषयीचे म्हणणे मला मान्य आहे, पण वेगळे पायलट पाठवले आणि घड्याळे जुळवली की सगळे सुरळीत होईल असा समज त्यातून होऊ नये. सिम्युलेशनमध्ये घड्याळे आधीच आदर्श असतात आणि तिथेही २×२ मागे पडते, याची कारणे दोन आहेत.

पहिले कारण थ्रेशोल्डचे आहे. एका शाखेच्या आउटपुटचा वर्ग घेतला आणि सरासरी नॉइज पॉवर १ मानली, तर फॉल्स अलार्म ०.००१ ठेवण्यासाठी थ्रेशोल्ड ६.९१ लागतो. दोन शाखांच्या वर्गांची बेरीज घेतली की नॉइजचे वितरण बदलते आणि तीच शक्यता राखायला ९.२३ लागतो, चार शाखांसाठी १३.०६. तुमच्या वर्णनावरून तुम्ही सर्वत्र पहिलाच थ्रेशोल्ड वापरला आहे असे दिसते. ६.९१ च्या थ्रेशोल्डवर चार शाखांची बेरीज नुसत्या नॉइजने ओलांडण्याची शक्यता ०.०८७ आहे, म्हणजे ८७ पट. तुमच्या ८३,८८६ घरांत एका पूर्ण फेरीला ८४ च्या आसपास खोटे इशारे यायला हवेत, त्याऐवजी ७,३०० च्या घरात येतील, आणि प्रत्येक इशाऱ्यामागे पडताळणीचा वेळ खर्च होईल. सरासरी वेळ वाढण्याचा मोठा भाग इथेच असावा.

थ्रेशोल्ड बदलल्यावरही दुसरे कारण उरते आणि ते अधिक मूलभूत आहे. रिसीव्ह अँटेना वाढवली की हवेतून अधिक ऊर्जा गोळा होते. ट्रान्समिट अँटेना वाढवली की तीच ऊर्जा दोन हिश्श्यांत वाटली जाते, आणि वर्ग घेऊन बेरीज करताना प्रत्येक हिश्श्याबरोबर स्वतःचा नॉइजही येतो. कमकुवत सिग्नलवर वर्ग घेण्याची ही क्रिया फार महाग पडते, कारण नॉइजमध्ये बुडालेल्या आकड्याचा वर्ग हा बहुतांशी नॉइजचाच वर्ग असतो.

रेले फेडिंग, एकमेकांपासून स्वतंत्र शाखा आणि दर घरामागे ०.००१ फॉल्स अलार्म धरून मी आकडे काढले. कोरिलेशननंतरचा सरासरी सिग्नल-टू-नॉइज रेशो २० डेसिबल असेल तर १×१ मध्ये शिखर हुकण्याची शक्यता ६.६ टक्के आहे, आणि दोन ट्रान्समिट अँटेनांवर निम्मी-निम्मी पॉवर दिली तर ती १.५ टक्क्यांवर येते. इथे डायव्हर्सिटीचा फायदा स्पष्ट दिसतो. १० डेसिबलला मात्र १×१ मध्ये शिखर सापडण्याची शक्यता ५३ टक्के आणि २×१ मध्ये ५४ ते ५५ टक्के, म्हणजे जवळपास बरोबरी. ५ डेसिबलला १×१ चे १९ टक्के आणि २×१ चे जेमतेम १३ टक्के. याउलट १×२ मध्ये ५ डेसिबललाही ३५ टक्के आणि १० डेसिबलला ७९ टक्के मिळतात. आता तुमचे २×२ बघा: ५ डेसिबलला सुमारे २६ टक्के, म्हणजे १×२ पेक्षा कमी. दुसरी ट्रान्समिट अँटेना बंद ठेवून सगळी पॉवर पहिलीला दिली असती तर कमकुवत सिग्नलवर तुमचे ॲक्विझिशन सुधारले असते. दोन्ही बाजूंची अँटेना एकाच अर्थाने 'वाढली' असे आपण सैलपणे म्हणतो, परंतु ॲक्विझिशनच्या दृष्टीने त्यांचा परिणाम सारखा नाही.

हा निष्कर्ष नवा नाही. साउथॅम्प्टन विद्यापीठातील हान्झो यांच्या गटाने डीएस-सीडीएमए (अशाच पसरवणाऱ्या कोडांवर आधारलेल्या मोबाइल पद्धतीच्या) डाउनलिंकच्या, म्हणजे बेस स्टेशनकडून मोबाइलकडे येणाऱ्या सिग्नलच्या, कोड ॲक्विझिशनवर काम केले आहे, आणि नॉनकोहेरंट (फेज न वापरता वर्ग-बेरीज करणाऱ्या) पद्धतीत सिग्नल क्षीण असताना ट्रान्समिट अँटेना वाढवल्या की सरासरी ॲक्विझिशन वेळ वाढतो असेच त्यातही दिसते. डेटा शोधून काढताना ट्रान्समिट डायव्हर्सिटी उपयोगी पडते, कारण तोपर्यंत चॅनेलचा अंदाज हाती असतो आणि शाखा फेज जुळवून मिळवता येतात. ॲक्विझिशनच्या वेळी तो अंदाजच नसतो.

म्हणून दोनच वाटा उरतात. एक म्हणजे वर्ग घेण्यापूर्वी कोहेरंट (फेजसकट) बेरीज अधिक काळ करून रेशो १० डेसिबलच्या वर न्यायचा. त्यावर फ्रिक्वेन्सी ऑफसेटची मर्यादा येते. तुमच्या ५०० हर्ट्झच्या पायरीत जास्तीत जास्त २५० हर्ट्झची चूक राहते आणि १ मिलिसेकंदात तिचा तोटा ०.९ डेसिबल होतो, पण त्याच पायरीवर २ मिलिसेकंद जोडायला गेलात तर हा तोटा ३.९ डेसिबलवर जाईल. पायरी निम्मी केली तर घरे दुप्पट होतील. दुसरी वाट म्हणजे ॲक्विझिशनपुरती पॉवर वाटायचीच नाही.

स्पेक्ट्रमशोधी यांचा प्रतिसाद:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. थ्रेशोल्ड शाखांच्या संख्येप्रमाणे ठेवल्यावर सिम्युलेशनमध्ये १० डेसिबलच्या अलीकडे-पलीकडे १×१ आणि २×१ च्या रेषा एकमेकींना छेदतात, आणि संभाव्यता यांच्या आकड्यांशी ते जुळते. प्रयोगशाळेत १० मेगाहर्ट्झचा समान रेफरन्स जोडल्यावर दोन्ही कोडांची शिखरे एकाच फ्रिक्वेन्सी-घरात येऊ लागली आहेत.

पण पुढे डेटासाठी मला आलामूटीची योजना वापरायची असल्यामुळे दोन्ही अँटेना चालू ठेवणे भाग आहे. पॉवर न वाटता दोन अँटेनांवरून पायलट पाठवणे व्यवहारात कसे करतात? आणि ॲक्विझिशननंतर जो २५० हर्ट्झपर्यंतचा ऑफसेट उरतो तो काढताना दोन ट्रान्समिट आणि दोन रिसीव्ह अँटेनांची माहिती एकत्र कशी वापरावी? रिसीव्हरच्या दोन चॅनेलांमधली फेज मला माहीत नाही.

जुनाबेसबँड यांचे उत्तर:

तुमचा पहिला प्रश्न डब्ल्यूसीडीएमए या ३जी मोबाइल मानकाच्या रचनाकारांपुढेही होता, आणि त्यांनी तो ज्या प्रकारे सोडवला तो मला आजही फार समंजस वाटतो. त्या मानकात चिप रेट ३.८४ मेगाचिप आहे, १० मिलिसेकंदांच्या फ्रेममध्ये १५ स्लॉट आहेत आणि प्रत्येक स्लॉट २५६० चिपांचा आहे. प्रत्येक स्लॉटच्या पहिल्या २५६ चिपांत प्रायमरी सिंक्रोनायझेशन कोड पाठवला जातो आणि तो सगळ्या सेलमध्ये एकच असतो, त्यामुळे मोबाइलला सुरुवातीला एकाच मॅच्ड फिल्टरवर (ठरलेला कोड ओळखणाऱ्या फिल्टरवर) काम भागवता येते. बेस स्टेशनला दोन अँटेना असतील तर हा सिंक्रोनायझेशन चॅनेल आळीपाळीने पाठवता येतो: सम क्रमांकाच्या स्लॉटमध्ये पहिल्या अँटेनावरून, विषम क्रमांकाच्या स्लॉटमध्ये दुसरीवरून, आणि दर वेळी पूर्ण पॉवरने.

यात नेमके काय साधते ते पाहा. मोबाइल तसाही अनेक स्लॉटांचे आउटपुट वर्ग करून जमवत असतो. दोन स्लॉटांत दोन्ही अँटेनांवरून वेगळे कोड एकाच वेळी पाठवले असते तर प्रत्येक रिसीव्ह अँटेनावर निम्म्या-निम्म्या ऊर्जेच्या चार शाखा जमवाव्या लागल्या असत्या. आळीपाळीने पाठवल्यावर तेवढ्याच ऊर्जेसाठी दोनच शाखा जमवायच्या असतात, म्हणजे नॉइजचे हिस्सेही दोनच, आणि तरीही एक अँटेना फेडमध्ये असली तर पुढच्या स्लॉटला दुसरी हात देते. मोबाइलला कुठली अँटेना कधी बोलते हे ठाऊक असण्याचीही गरज नाही. किंमत एवढीच की दोन्ही पॉवर अँप्लिफायर पूर्ण पॉवर पेलणारे हवेत; पण हा चॅनेल स्लॉटच्या दहाव्या भागातच चालू असतो, त्यामुळे ती किंमत सोसवते. त्याच सिंक्रोनायझेशन कोडवर एक चिन्हही चढवलेले असते, आणि त्यावरून प्रसारण-चॅनेल स्पेस-टाइम कोडमध्ये आहे की नाही हे मोबाइलला कळते. आपल्या लिंकमध्ये तुम्ही एक मिलिसेकंद पहिल्या अँटेनावरून आणि पुढचा मिलिसेकंद दुसरीवरून तोच गोल्ड कोड पाठवा; दुसऱ्या कोडची गरज ॲक्विझिशन संपल्यावरच पडेल.

आता उरलेल्या ऑफसेटकडे वळू. दोन अँटेना वेगळ्या ओळखण्यासाठी डब्ल्यूसीडीएमएच्या सामाईक पायलटमध्ये पहिल्या अँटेनावरून सतत एकच चिन्ह जाते, तर दुसरीवरून अधिक, उणे, उणे, अधिक, अधिक, उणे, उणे अशा क्रमाने तेच चिन्ह जाते. शेजारच्या दोन विरुद्ध चिन्हांची बेरीज आणि वजाबाकी घेतली की दोन चॅनेल वेगळे होतात. ही विभागणी ऑफसेट शून्य असेल तरच स्वच्छ होते. तिथले एक चिन्ह ६६.७ मायक्रोसेकंदांचे आहे. ऑफसेट १ किलोहर्ट्झ असेल तर एका चिन्हात फेज २४ अंश फिरते आणि पहिल्या अँटेनाचा अंश दुसरीच्या खात्यात जेमतेम १३.६ डेसिबल खाली दिसू लागतो. म्हणून आधी ऑफसेट काढावा आणि मगच अँटेना वेगळ्या कराव्यात.

तो काढण्याची युक्ती याच क्रमात दडलेली आहे. दुसऱ्या अँटेनाचे चिन्ह जिथे बदलत नाही अशा शेजारच्या जोड्याच घ्या, म्हणजे दुसरे आणि तिसरे चिन्ह, चौथे आणि पाचवे चिन्ह, आणि पुढे तसेच. पहिल्या जोडीत दोन्ही वेळा दोन चॅनेलांची वजाबाकी मिळते, तर पुढच्या जोडीत दोन्ही वेळा बेरीज. प्रत्येक जोडीत नंतरच्या चिन्हाला आधीच्या चिन्हाच्या कॉन्जुगेटने (फेज उलट केलेल्या रूपाने) गुणले की चॅनेलची स्वतःची फेज निघून जाते आणि ऑफसेटमुळे फिरलेला कोन तेवढा उरतो. लागोपाठच्या दोन जोड्यांचे गुणाकार मिळवले की वजाबाकीचा वर्ग अधिक बेरजेचा वर्ग, म्हणजे दोन्ही चॅनेलांच्या पॉवरच्या बेरजेची दुप्पट, हे त्या कोनाला वजन मिळते. अँटेना वेगळ्या न करताच डायव्हर्सिटी हाती आली.

रिसीव्हरच्या दोन चॅनेलांबाबतही हेच. प्रत्येक चॅनेलची अज्ञात फेज त्याच्या स्वतःच्या गुणाकारात कापली जाते, त्यामुळे हे गुणाकार कॅलिब्रेशनशिवाय सरळ मिळवा आणि शेवटी एकदाच कोन काढा. आधी प्रत्येक अँटेनाचा कोन काढून त्यांची सरासरी घेऊ नका. फेडमध्ये गेलेल्या अँटेनाचा कोन निव्वळ नॉइज असतो आणि सरासरीत त्याला चांगल्या अँटेनाइतकेच वजन मिळते. ही सगळी सोय रिसीव्हरचे दोन्ही चॅनेल एकाच ऑसिलेटरवर चालतात म्हणून आहे. तुमच्याकडे एकच बोर्ड असल्यामुळे ती अट आपोआप पूर्ण होते. तुमचे चिन्ह १ मिलिसेकंदाचे ठेवलेत तर या पद्धतीने ±५०० हर्ट्झपर्यंतचा ऑफसेट निःसंदिग्धपणे मोजता येईल आणि तुमचा उरलेला २५० हर्ट्झ त्यात सहज बसतो.

नभोवेध यांचे उत्तर:

मी उपग्रह-नेव्हिगेशनच्या रिसीव्हरांवर काम करतो. तिथे ट्रान्समिट बाजू आपल्या हातात नसते, त्यामुळे बहु-अँटेनाचा सगळा खेळ रिसीव्हरमध्येच चालतो. वर रिसीव्ह शाखांची केवळ वर्ग-बेरीज गृहीत धरली आहे, म्हणून त्याविषयी थोडी भर घालतो.

जीपीएसचा सिव्हिलियन कोडही १.०२३ मेगाचिपचा आणि १०२३ चिपांचा आहे; आपल्या नाविक या भारतीय उपग्रह-नेव्हिगेशन प्रणालीच्या एल-५ (११७६.४५ मेगाहर्ट्झ) आणि एस (२४९२.०२८ मेगाहर्ट्झ) या पट्ट्यांवरचे सिव्हिलियन कोडही त्याच मापाचे आहेत, त्यामुळे प्रश्नकर्त्याची रचना मला ओळखीची वाटली. जमिनीवर पोहोचणारा जीपीएसचा सिग्नल −१२८.५ डेसिबल-मिलिवॉटच्या आसपास असतो आणि २ मेगाहर्ट्झ रुंदीतला नॉइज −१११ च्या आसपास, म्हणजे सिग्नल नॉइजच्या कितीतरी खाली. १०२३ चिपांचे कोरिलेशन केल्यावर ३० डेसिबलचा लाभ होतो आणि मगच तो वर येतो. अँटेना-ॲरेसाठी या स्थितीचे दोन परिणाम होतात.

पहिला असा की कोरिलेशनच्या आधी अँटेनांमधली सापेक्ष फेज हव्या असलेल्या सिग्नलवरून मोजताच येत नाही, जॅमर (मुद्दाम अडथळा आणणारा प्रक्षेपक) असेल तर त्याचीच मोजली जाते. जॅमरविरोधी ॲरे नेमका याचाच फायदा घेतात: एकूण पॉवर कमीत कमी होईल अशी प्रत्येक अँटेनाच्या सिग्नलला द्यायची वजने निवडली की खड्डा आपोआप जॅमरच्या दिशेने पडतो, कारण नॉइजखाली असलेल्या उपग्रहाला त्या हिशेबात स्थानच नसते. मात्र ही वजने कालांतराने बदलत राहिली की वाहकाची फेज आणि काही वेळा कोडचा विलंबही सरकतो, आणि ट्रॅकिंग लूपला ते रिसीव्हर हलल्यासारखे वाटते. ज्यांना सेंटिमीटरची अचूकता हवी त्यांनी हे दुर्लक्षून चालत नाही.

दुसरा परिणाम प्रश्नकर्त्याच्या अधिक कामाचा आहे. शिखर एकदा वर्ग-बेरजेने सापडले की पडताळणीच्या टप्प्यात त्याच घरातली दोन्ही रिसीव्ह अँटेनांची कॉम्प्लेक्स आउटपुटे तुमच्या हातात असतात. एकाचा दुसऱ्याच्या कॉन्जुगेटशी गुणाकार करून काही मिलिसेकंद सरासरी घ्या. तिथे खरा सिग्नल असेल तर सापेक्ष फेज स्थिर राहते आणि सरासरी साचत जाते. फॉल्स अलार्म असेल तर ती इकडेतिकडे भटकते आणि सरासरी शून्याकडे झुकते. दोन ट्रान्समिट अँटेना आळीपाळीने चालवणार असाल तर मात्र सम आणि विषम मिलिसेकंदांच्या सरासऱ्या वेगळ्या ठेवा, कारण प्रत्येक ट्रान्समिट अँटेनाकडून येणाऱ्या मार्गांची सापेक्ष फेज वेगळी असते आणि एकत्र केल्यास त्या एकमेकींना मारू शकतात. एकदा ही फेज मिळाली की पुढच्या आउटपुटांची वर्ग न करता फेज जुळवून बेरीज करता येते. दोन समान शाखांना ३ डेसिबल पूर्ण मिळतात आणि वर्ग घेण्याचा तोटा टळतो.

बीम वळवण्याच्या कामासाठी बोर्डाच्या दोन चॅनेलांमधली स्वतःची फेज हवी असेल तर एक पॉवर स्प्लिटर घ्या आणि समान लांबीच्या दोन केबलींनी एकच सिग्नल दोन्ही चॅनेलांना द्या. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमध्ये ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश पंचवीसेक किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. तिथे स्प्लिटर कुठून लावणार, म्हणून आकाशातल्या तेजस्वी बिंदुरूप रेडिओ स्रोताकडे सर्व डिश वळवून प्रत्येकीची फेज काढतात आणि निरीक्षण चालू असताना मधूनमधून पुन्हा तपासतात. टेबलावरच्या बोर्डालाही ही पुन्हा तपासण्याची शिस्त लागते. स्प्लिटर जोडलेला असतानाच फ्रिक्वेन्सी बदलून परत मूळ जागी आणा आणि फेज पुन्हा मोजा. आकडा तोच आला तर दोन्ही चॅनेल खरोखर एकाच सिंथेसायझरवर आहेत. बदलला तर प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र सिंथेसायझर आहे असे समजा आणि दर ट्यूनिंगनंतर कॅलिब्रेशन करण्याची सोय कोडमध्येच ठेवा.